पैपासून रुपयापर्यंत

3 ने 12 ला भाग जातो, 12 ने 192 ला जातो. म्हणून 3 ने 192 लाही जातो. मुलं हे चटकन मान्य करतात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. मला वाटतं, इथे थोडं रेंगाळायला हवं. कारण संख्यांमधलं प्रत्येक नातं असं पुढे जात नाही. 4 आणि 9 सहमूळ आहेत, म्हणजे 1 सोडून त्यांना सामाईक विभाजक नाही. 9 आणि 8 सुद्धा सहमूळ. पण 4 आणि 8? तिथे नातं तुटलं. मग भाग जाण्याचंच नातं का टिकतं?

192 म्हणजे 12 ची 16 पट, आणि 12 म्हणजे 3 ची 4 पट. तेव्हा 192 = 16 × (4 × 3). आता कंस हलवा: (16 × 4) × 3. दोन पूर्ण संख्यांचा गुणाकार पूर्ण संख्याच असतो, म्हणून 192 ही 3 ची बरोबर 64 पट झाली. भागाकार करावा लागला नाही, बाकी तपासावी लागली नाही. गुणाकाराचा साहचर्य गुणधर्म आपण शाळेत नावापुरता पाठ करतो. त्याचं खरं बळ मला इथे दिसतं.

हे आकडे आपल्या जुन्या नाण्यांचे आहेत. 3 पैंचा पैसा, 4 पैशांचा आणा, 16 आण्यांचा रुपया. रुपयाचे तीन सारखे वाटे करायचे तर आण्यांत होत नाहीत. 64 पैसे केले तरी एक उरतो. पैपर्यंत उतरलं की मात्र प्रत्येकाला 64 पै, म्हणजे 5 आणे 4 पै. 3 हा अवयव साखळीत एकदाच, अगदी तळाशी आला, आणि वरच्या 4 आणि 16 मध्ये नसूनही रुपयापर्यंत पोचला. मग रक्कम सात रुपयांची असो की सात हजारांची, तिच्या पैंचे तीन वाटे होणारच.

1 एप्रिल 1957 पासून रुपया 100 नव्या पैशांचा झाला. हिशेब सोपे झाले, पण एका रुपयाचे तीन वाटे करताना एक पैसा उरू लागला. 10, 100, 1000 अशी दहाची साखळी कितीही लांबवली तरी तिच्यात 3 येत नाही, कारण एकाही दुव्यात तो नाही. हे कळायला मात्र कंस हलवून भागत नाही. 4 ने 10 ला भाग जात नाही, तरी 100 ला जातो. त्याचा एक 2 पहिल्या दहातून येतो, दुसरा दुसऱ्या दहातून. 3 ला असं तुकड्यातुकड्यांनी येता येत नाही, कारण ती मूळ संख्या आहे. मूळ संख्येने गुणाकाराला भाग गेला तर निदान एका अवयवाला जायलाच हवा, हे युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात सिद्ध केलं आहे.