हुरडा पुण्याला येत नाही

जगात सर्वांत चांगलं खाणं कोणतं, या वादात मी आयुष्यभर हिरिरीने भाग घेत आलो आहे. डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत, रात्रीच्या रेल्वेत. कोल्हापूरची मिसळ खरी की नाशिकची इथून तो सुरू होतो, आणि मंडळींत कोणी परदेश पाहून आलेलं असलं की नेपल्सच्या पिझ्झ्यापर्यंत आणि टोकियोच्या सुशीपर्यंत जातो. आवाज चढतात, कोणी रुसतंही. मला हा वाद कधीच फुकटचा वाटला नाही. पण त्यात एक प्रश्न नेहमी मागाहून येतो: ते खायचं कुठे? आधी पदार्थ ठरतो, मग पत्ता सांगितला जातो. माझ्या मते काही पदार्थांच्या बाबतीत पत्ता हा मिठासारखा पदार्थातच पडलेला असतो. तो काढून घेतला की ताटात उरतं ते वेगळंच काहीतरी असतं.

हे मला हुरड्याने शिकवलं. माझं आजोळ मंगळवेढ्याजवळचं. ज्वारीचं कोठार म्हणून हा मुलूख ओळखला जातो, आणि २०१६ साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. काळी, खोल जमीन. पावसाळा सरताना पेरायचं, मग जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर पीक उभं राहतं. पौषाच्या आसपास दाण्यात चीक भरतो. नखाने दाबल्यावर दुधासारखा पातळ थेंब आला तर अजून थांबायचं. थेंब दाट झाला, दाणा हिरवा असूनही टचटचीत लागला, की तो हुरड्याचा. मालदांडी ही भाकरीची ज्वारी, तिला तोड नाही. पण मामा खास हुरड्यासाठी बांधाच्या कडेने चार-सहा ओळी सुरती नाहीतर गूळभेंडीच्या टाकतात, कारण तिचा दाणा गोड असतो आणि बोंडातून चटकन सुटतो.

सकाळी उन्हं वर यायच्या आत शेतात आगटी पेटते. खड्ड्यात गोवऱ्या, त्यांची आच बसून लाल निखारा झाला की त्यात कणसं खुपसायची. दोन-तीन मिनिटं, जास्त नाही. दाणा करपता कामा नये, वाफेत शिजल्यासारखा व्हायला हवा. मग मामा ते कणीस तसंच धगधगतं दोन तळव्यांत धरून चोळतात. बोटं लाल होतात, पण चोळणं थांबत नाही, कारण निवलेल्या कणसाचा दाणा सुटत नाही. सुपात पाखडून कूस उडवली की हिरवे, ओलसर, वाफाळलेले दाणे पळसाच्या पानावर येतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, गुळाचा खडा, कवडीचं दही. पहिल्या घासाला दूध, धूर आणि कोवळं गवत यांची एकत्र चव लागते. ती मला दुसऱ्या कुठल्याही पदार्थात सापडलेली नाही.

एका वर्षी मी वीसेक कणसं ओल्या फडक्यात गुंडाळून पुण्याला आणली. घरच्यांना खाऊ घालायची फार हौस होती. निघताना मामा म्हणाले, ‘आरं, आज खाल्ला तेवढाच हुरडा. उद्या कशाचा हुरडा, उद्या ती ज्वारी.’ दुसऱ्या दिवशी गॅसवर जाळी ठेवून भाजली. मुलांनी चार दाणे चघळले आणि बशी बाजूला सारली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोवळ्या दाण्यात साखर असते, आणि दिवस जातील तसं तिचं पिठात रूपांतर होत जातं. कणीस तोडल्यावर उरलेली गोडीही ओसरू लागते. दाण्याला धान्य व्हायचंच असतं. तो पिठूळ होण्याच्या वाटेवर असताना आपण त्याला गाठतो, त्या थोडक्या वेळाला हुरडा म्हणतात.

ज्यांनी खाण्याला दर्जा देण्याचा धंदा केला, त्यांच्या मोजमापातही खाण्यापर्यंतचं अंतर आहे. मिशेलिन ही फ्रान्समधली टायर बनवणारी कंपनी. तिने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. लोक जास्त फिरले तर टायर जास्त झिजतील, असा साधा हिशोब होता. १९२६ पासून ती खानावळींना तारा देऊ लागली आणि १९३१ मध्ये एक, दोन, तीन तारे अशी श्रेणी आली. त्यांचे मूळ अर्थ बघा. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारातली उत्तम जागा. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं अशी. तीन तारे म्हणजे केवळ तिच्यासाठी प्रवासाला निघावं अशी. खाणाऱ्याने किती अंतर तोडावं, यावर चवीची प्रतवारी लावलेली आहे. जेवण घरपोच येईल ही कल्पनाच तिच्यात नाही.

नेपल्सच्या लोकांनी तर हे कागदावर उतरवलं. २०१० साली युरोपीय संघाने नेपल्सच्या पिझ्झ्याला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं. त्याच्या नियमांत लाकडाची भट्टी आहे, ४८५ अंशांच्या आसपास तापलेला तिचा तळ आहे, साठ ते नव्वद सेकंदांचं भाजणं आहे. शिवाय हा पिझ्झा शक्यतो भट्टीतून निघाल्याबरोबर, जिथे भाजला त्याच जागी खावा आणि तो गोठवून किंवा निर्वात पिशवीत भरून विकू नये, असंही तिथे लिहिलं आहे. फ्रान्सने १९९३ साली अध्यादेशच काढला: ज्या पावाची कणीक कोणत्याही टप्प्यावर गोठवलेली नाही, त्यालाच परंपरेचा पाव म्हणता येईल. मामांनी बांधावर उभं राहून सांगितलेली गोष्ट दुसरीकडे कायद्याच्या भाषेत आली आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. प्रवास करणारं खाणं काय कमी चांगलं असतं? २०११ साली सीएनएनने जगातल्या पन्नास रुचकर पदार्थांची यादी केली, तेव्हा पहिला मान थायलंडच्या मस्समन करीला दिला होता. वाचकांनी मात्र मतदानात इंडोनेशियाचं रेंदांग वर आणलं. रेंदांग हा प्रवासाचाच पदार्थ आहे. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाउ समाजात तरुणांनी घर सोडून परमुलखात कमवायला जाण्याची जुनी रीत आहे, तिला ते मेरांताउ म्हणतात. नारळाच्या दुधात आणि मसाल्यात मांस तासन्‌तास आटवत न्यायचं, पाणी जाऊन तेल सुटेपर्यंत, रंग काळपट होईपर्यंत. असं मांस फ्रीजशिवाय दिवसचे दिवस टिकतं. ज्यांना लांब जायचं होतं त्यांनी ते घडवलं, आणि ते जगाला आवडलं.

मी हा आक्षेप मान्य करतो, कारण आपल्या घरात त्याचं उत्तर आधीपासून आहे. आपल्याकडे भाकरी वेगळी आणि दशमी वेगळी. गावाला निघालेल्या माणसासाठी पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, म्हणजे दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. सोलापूरकडे तर पातळ भाकरी पार वाळवून कडक करतात. ती महिनाभर टिकते, आणि आमटीत कुस्करली की तिला स्वतःची अशी खमंग चव असते. हे शिदोरीचं खाणं. त्याला प्रवास माहीत आहे, त्याची बांधणीच तशी केलेली असते. हापूसही त्यातलाच: झाडावर पूर्ण पिकू न देता उतरवायचा, गवताच्या अढीत ठेवायचा, वाटेत पिकू द्यायचा. चुलीजवळचं खाणं मात्र वेगळ्या जातीचं. उकडीचा मोदक, तव्यावरचं थालीपीठ, हुरडा. एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावली की वाद नासतो.

आज शिदोरीचीच फूटपट्टी सगळीकडे लावली जाते आहे, ही माझी तक्रार आहे. डबाबंद होऊन घरपोच आणणाऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत तीस-चाळीस मिनिटं टिकेल, तेच विकलं जाणार. थालीपीठ तसं पाठवलं की आपल्याच वाफेने भिजून लोळागोळा होतं, आणि ते खाऊन वाढलेल्या मुलाला थालीपीठ आवडत नाही असं आपण म्हणू लागतो. जे पिशवीत बसत नाही ते हळूहळू वादातून, मग बोलण्यातून, मग शेतातून जातं. हे मी अंदाजाने लिहीत नाही. गूळभेंडीला आडतीवर भाव नाही, कारण ती बाजारात न्यायची ज्वारीच नव्हे. तिचं बी टिकतं ते कोणाच्या तरी घरी पाहुणे हुरडा खायला येतात म्हणून. मामांच्या शिवाराला लागून तीन शेतं आहेत. दोघांकडे पाणी आलं आणि ऊस लागला, तिसऱ्याची मुलं शहरात गेली. तिथे आता हुरड्याच्या ओळी नाहीत. म्हणून हल्ली पैसे घेऊन शेतावर हुरडा पार्ट्या होतात त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. माणूस चालून बांधापर्यंत येतो, पैसे बांधावरच्या माणसाला मिळतात, बी राखलं जातं. मला त्यात सगळं बरोबरच दिसतं.

याद्यांचा दोष यापेक्षा खोल आहे. कुठे खावं, याचं उत्तर म्हणून यादी जो पत्ता देते तिथे दार असतं, पाटी असते, बिल असतं. स्वयंपाकघराला पाटी नसते. नेपल्सचा पिझ्झा भाजणारा किंवा टोकियोचा सुशी वळणारा स्वतःच्या नावाने ओळखला जातो, त्याच्या हाताला किंमत मिळते. आणि माझ्या मते जगातल्या पहिल्या पाच पदार्थांत बसेल अशी एक गोष्ट लाखो घरांत रोज होते. ती करणारीचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही.

ती गोष्ट म्हणजे तव्यावरून थेट ताटात आलेली ज्वारीची भाकरी. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून कणीक ताणून लाटता येत नाही. कढत पाण्याने पीठ जरा शिजल्यासारखं होतं, मग तळहाताच्या रेट्याने मळून मळून त्याला एकजीव करायचं. परातीत पीठ भुरभुरून थापायचं, भाकरी आपली आपण फिरत कडेपर्यंत सारखी पसरली पाहिजे. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या बेतात उलटायची, शेवटी निखाऱ्याला लावायची. ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. तो कागदासारखा पापुद्रा, आतली वाफ आणि खालची मऊ बाजू, हे तिन्ही एका घासात मिळण्याची मुदत फार तर चार-पाच मिनिटं. मग भाकरी निवते आणि चामट होऊ लागते.

मामी ती रोज करायची. आम्ही भोवती ताटं घेऊन बसायचो आणि ती ‘गरम हाय तवर घ्या’ म्हणत एकेक टाकत जायची. सुट्टीत घर भरलेलं असायचं. एकदा मी मोजल्या, एकोणीस भाकऱ्या. विसावी आणि एकविसावी तिची, आणि त्याही ती लगेच खायची नाही. आधी तवा उतरवणं, चूल सारणं, पुरुषांना ताक देणं. ती जेवायला बसेपर्यंत दुरडीतल्या त्या दोन भाकऱ्या गार झालेल्या असायच्या. आम्ही तिच्या हाताची चव जगभर सांगत फिरलो, आणि तिला स्वतःला ती चव कधी मिळाली असेल, हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावर पडला. आगटीवर कणसं चोळणारे मामाही शेवटीच खातात. पण त्यांचा हुरडा वर्षातून पंधरा दिवसांचा. हिचं रोजचं होतं, चाळीस वर्षांचं.

चुलीजवळ उभं राहूनही कोणी चवीपासून सर्वांत लांब असू शकतं, हे कळल्यावर मला जुना वाद तसाच पुढे चालवता येईना. आता कोणी एखाद्या जागेचं कौतुक केलं की मी विचारतो, तिथे रांधणारी माणसं कधी जेवतात? काही मित्रांना हा प्रश्न विषयाबाहेरचा वाटतो. मला वाटत नाही. जिथलं खाणं जगात पहिलं, तिथे करणाऱ्याच्या पानात ते कसं पडतं हे त्या खाण्याबद्दलच सांगणं आहे.

या जानेवारीत हुरड्याला गेलो होतो. संध्याकाळी मामेभावाच्या बायकोने पाट मांडला आणि मामींना म्हणाली, ‘आत्याबाई, आज तुम्ही आधी बसा.’ मामी नको नको म्हणाल्या, दोनदा उठायला गेल्या. शेवटी बसल्या. तव्यावरची पहिली भाकरी फुगून त्यांच्या ताटात आली. पापुद्रा त्यांनी बोटाने अलगद उचलला, वाफ जाऊ दिली, त्यावर तेल-तिखट घातलं आणि एक घास खाल्ला. आम्ही सगळे बघत होतो. चावून झाल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, ‘पिठाला विरी कमी हाय गं. कधी दळून आणलंय?’

‘चार दिवस झालं, आत्याबाई.’

‘तरीच,’ मामी म्हणाल्या, आणि दुसरीसाठी ताट पुढे केलं.