हात आवरता येणं

तुंगार्लीच्या धरणाच्या अलीकडे, झाडाच्या सावलीत एखादा सपाट कातळ बघून बसा. राजमाचीकडे जाणारी वाट इथूनच पुढे जाते. मोबाइल बंद करून पिशवीत टाका. पाठ ताठ, खांदे सैल. दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवा. आजचं मनन या हातांविषयी आहे.

श्वास येऊ द्या, जाऊ द्या. घाई नको.

आता समोर एक माकड येऊन बसलंय, असं मनात आणा. लोणावळ्यात ते खरंच येऊन बसलं असेल. ते तुमच्या तोंडाकडे बघत नाही, पिशवीकडे बघतं. ही नजर त्याला कुणी शिकवली? गाडीची काच खाली करून वेफर्सचं पाकीट पुढे करणाऱ्या आपल्याच हातांनी. देताना माया वाटली, हे खोटं नाही. पण पानंफळं सोडून माकड रस्त्याकडेला बसू लागलं, चाकांखाली येऊ लागलं, हिसकावू लागलं; आणि शेवटी उपद्रवी तेच ठरलं. त्या मायेत त्याचा वाटा किती होता, आपल्या फोटोचा किती? लगेच उत्तर देऊ नका. थोडा वेळ प्रश्नासोबतच बसा.

इथून मन कात्रजला न्या. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या पेशवे पार्कातले प्राणी पुढे तिथल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले. बुधवारी ते बंद असतं. असाच एखादा बुधवार डोळ्यांपुढे आणा. प्रेक्षक नाहीत, काम मात्र चालूच आहे. फरशी धुवायची, पाणी बदलायचं, मांस तोलून ठेवायचं. काल वाघानं किती खाल्लं, किती टाकलं, पाय नीट टेकतोय का, हे बघायचं. त्याला रोज खाऊ घालणारा माणूसही तो आत असताना आत शिरत नाही. आधी त्याला शेजारच्या पिंजऱ्यात घ्यायचं, कडी लावायची, ती पुन्हा ओढून बघायची. मगच झाडू हातात. वर्षानुवर्षांची ओळख असली तरी कडी चुकत नाही. अशा ओळखीला काय म्हणाल?

वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचायला मनाई केली आहे, आणि त्याच कलमात खायला घालायलाही. दगड मारणारा हात आणि शेंगदाणे टाकणारा हात एका ओळीत. वाचताना खटकतं. खटकू द्या.

आता जुन्नर. ऊसतोड चालू आहे आणि फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. मांजरीच्या पिल्लांएवढी, उचलून घ्यावंसं वाटावं अशी. वन विभागाची माणसं आणि पशुवैद्यक येतात, पिल्लं तपासतात, आणि अंधार पडायच्या सुमारास जिथे सापडली तिथेच क्रेटमध्ये ठेवून लांब जातात. कॅमेरे तेवढे मागे राहतात. अनेकदा मादी येते, मानेला धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. माणसाचं त्या रात्रीचं काम म्हणजे तिच्या वाटेत न येणं.

पण मादी आलीच नाही तर? मग माणिकडोहच्या निवारा केंद्राचं दार उघडावं लागतं. जखमी होऊन आलेले, रानात परत सोडता न येणारे काही बिबटे तिथेच म्हातारे होतात. तिथे हात पुढे करणं हीच जबाबदारी, आणि ती जन्मभराची. म्हणजे हात आवरणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे. हात कधी पुढे करायचा हे ज्याला कळतं, त्यालाच तो आवरता येतो.

पुन्हा श्वासाकडे या. तळहात अजून उताणे आहेत का बघा. ते रिकामे आहेत, आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही.

उठताना एक नेम धरा. घाटात काच वर, खाऊ पिशवीत. प्राणिसंग्रहालयात गेलात तर दहा पिंजरे भराभर बघण्यापेक्षा एकापाशीच पाव तास थांबा. शीळ नको, टाळी नको. तुम्हाला बघून प्राण्यानं काहीच केलं नाही, आपलं चाललं होतं ते चालू ठेवलं, तर भेट चांगली झाली असं समजा.