वारसा भिंतींचा की शेजाराचा?

जुना मोहल्ला जपला पाहिजे, असे आपण म्हणतो. पण नेमके काय जपायचे? मुंबईच्या भेंडीबाजाराने हा प्रश्न आपल्यापुढे उभा केला आहे.

मुरादाबाद-बिजनौरकडचे छज्जू खाँ, नजीर खाँ व खादिम हुसेन खाँ हे बंधू एकोणिसाव्या शतकात इथे येऊन राहिले आणि त्यांच्या गायकीला वस्तीचेच नाव मिळाले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे लता मंगेशकरांनी अमान अली खाँसाहेबांची तालीम घेतली. कोकणातून गोदीत, बोटीवर कामाला आलेले आपले आजोबा-पणजोबाही अशाच दाटीच्या मोहल्ल्यांत उतरले. आलेल्याला सामावून घेणे, हाच या वस्त्यांचा खरा वारसा.

लाकडी जिने आणि लांब गॅलऱ्या पाहणाऱ्याला सुंदर वाटतात. सामाईक संडासापुढे रांग लावणाऱ्या बाईला मात्र तसे वाटत नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण घरमालकाला दुरुस्ती परवडेना. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. जीव ही पहिली अमानत आहे. ती धोक्यात घालून भिंती जपा, असे आम्ही म्हणणार नाही.

म्हणूनच सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून सुमारे साडेसोळा एकरांवर हाती घेतलेला पुनर्विकास आम्हाला चुकीचा वाटत नाही. अडीचशेच्या आसपास इमारती, सुमारे ३,२०० कुटुंबे, स्वतःच्या मालकीचे किमान ३५० चौरस फुटांचे घर, ही लहान गोष्ट नव्हे.

पण हक्क ठरतो कागदावर. ज्याच्याकडे कागद नाही अशा पोटभाडेकरूचे, कारखान्यातच झोपणाऱ्या कारागिराचे, पदपथावरच्या विक्रेत्याचे काय? सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत नातलग शेजाऱ्याबरोबरच परक्या शेजाऱ्याचाही हक्क सांगितला आहे. हा परका शेजारी म्हणजे हीच माणसे. उद्या एखादा गरीब गवई मुंबईत उतरला, तर त्याला परवडेल अशी एक खोली तिथे असेल का?

कोणत्याही शहरात जुना मोहल्ला पाडण्याची वेळ आली, तर नकाशाआधी माणसांची यादी व्हावी आणि तीत बिनकागदाची माणसेही असावीत. जीर्ण भिंत पाडण्यात पाप नाही. पण शेजाऱ्याला यादीतून गाळून उभारलेल्या इमारतीवर जुन्या कमानीची नक्षी कोरली, तरी तिला आम्ही वारसा म्हणणार नाही.