निवडणूक निरीक्षकाची तटस्थता आणि आस्था

परक्या देशातील निवडणुकीवर देखरेख करण्यासाठी स्वयंसेवक निवडणे हे वरवर पाहता प्रशासकीय काम वाटत असले, तरी त्याच्या मुळाशी ज्ञानमीमांसेचा, म्हणजे विश्वसनीय ज्ञान कशामुळे मिळते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, प्रश्न आहे : ज्याला त्या देशाविषयी काहीच वाटत नाही, त्याचीच साक्ष खरी मानावी काय? युक्रेनमधील २१ नोव्हेंबर २००४ ची अध्यक्षपदाची निर्णायक फेरी गैरप्रकारांमुळे तेथील सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवली आणि २६ डिसेंबरला फेरमतदान झाले, त्या वेळी कॅनडाने माजी पंतप्रधान जॉन टर्नर यांच्या नेतृत्वाखाली ५०० निरीक्षक पाठवले. कॅनडात युक्रेनियन वंशाचा समाज मोठा आहे. त्या समाजातील भाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकाला मतदान केंद्रातील दबक्या आवाजातील धमकीही दुभाष्याविना कळू शकते, परंतु पूर्वजांच्या भूमीविषयीचा जिव्हाळा त्याच्या नोंदींत उतरेल, ही शंकाही निराधार म्हणता येत नाही.

अशी शंका जुनीच आहे : मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वादात आर्थिक हितसंबंध असलेला, पक्षकाराचा मित्र किंवा शत्रू असलेला मनुष्य साक्षीस अपात्र ठरवला आहे. संयुक्त राष्ट्रांत २७ ऑक्टोबर २००५ रोजी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांतही निरीक्षक राजकीय व आर्थिक हितसंबंधांपासून मुक्त असावा, अशी अट आहे. ही अट रास्तच आहे. मात्र तिचा अर्थ ताणून निरीक्षकाकडून अद्वैत वेदान्तातील साक्षीची, म्हणजे मनाच्या सर्व वृत्ती प्रकाशित करूनही त्यांपासून अलिप्त राहणाऱ्या चैतन्याची, अपेक्षा करणे ही दोन भिन्न प्रकारच्या गोष्टींची गल्लत आहे, कारण ते चैतन्य कर्ता नसल्याने मतपेट्यांचे सील तपासत नाही आणि अहवालही लिहीत नाही.

येथे ज्ञानाच्या साधनांची चिकित्सा करणारे न्यायदर्शन अधिक उपयोगी पडते. त्या दर्शनाचा भाष्यकार वात्स्यायन याने न्यायभाष्यात आप्ताचे, म्हणजे ज्याचे वचन प्रमाण मानावे अशा व्यक्तीचे, लक्षण देताना वस्तूचे साक्षात ज्ञान आणि ती जशी दिसली तशीच सांगण्याची इच्छा या दोन गोष्टींवर भर दिला असून, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू होते, असेही म्हटले आहे. वंश येथे गौण ठरतो, आणि इच्छा, जी एक प्रकारची आस्थाच आहे, ती पात्रतेचा भाग बनते. म्हणून उमेदवाराची आपुलकी नव्हे, तर निकालातील त्याचा लाभ तपासणे, आणि आपल्या आवडत्या पक्षाचा गैरप्रकारही तो नोंदवील काय, हे त्याच्या पूर्वीच्या कामावरून पाहणे अधिक न्याय्य ठरते.

अर्थात स्वतःचा कल स्वतःला नेहमीच दिसतो असे नाही. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या मोहिमांत अल्पकालीन निरीक्षक सहसा दोन वेगवेगळ्या देशांच्या व्यक्तींच्या जोडीने पाठवले जातात. त्यामुळे एकाच्या नजरेतून निसटलेली बाब दुसरा टिपू शकतो आणि एकाच्या निष्कर्षाला दुसऱ्यासमोर टिकावे लागते.