तळ्यातल्या न मोजलेल्या माशांविषयी



शेतातले पीक डोळ्यांना दिसते, गोठ्यातली जनावरे मोजता येतात, झाडावरचा आंबाही नजरेने अजमावता येतो. धरणाच्या पाण्यात मासा किती आहे, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. जाळे टाकणाऱ्यालाही जे वर आले तेवढेच कळते. ‘यंदा मासा आहे का?’ असे आपण बाजारात सहज विचारतो. त्या विचारण्यामागे नीतीचा एक प्रश्न आहे. जे मोजता येत नाही, त्यातून किती घ्यावे? आणि ‘आता पुरे’ असे कोणी कोणाला म्हणावे? या रविवारी आपण त्याचा थोडा विचार करू.

आपल्या घोडेगावच्या पश्चिमेला, घोड नदीवर, डिंभे धरण आहे. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे हुतात्मा झाले. त्यांचे नाव या जलाशयाला दिलेले आहे. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक, साठा सुमारे साडेतेरा टीएमसी. ज्या आंबेगावावरून आपल्या तालुक्याला नाव पडले ते मूळ गाव याच पाण्याखाली गेले. नाव तालुक्याकडे राहिले आणि कचेरी घोडेगावात. पाणी कालव्यांनी खाली गेले आणि तिथली शेते भिजली. वर ज्यांची भातखाचरे बुडाली ते बहुतांशी महादेव कोळी, त्यांच्याबरोबर कातकरी आणि ठाकर. ‘कोळी’ या शब्दावरून बाहेरच्या माणसाला वाटते की हे पूर्वापार मासेमारच असतील. वास्तविक महादेव कोळी हा डोंगरातला शेतकरी. होडी आणि जाळे त्याच्या हाती आले ते जमीन गेल्यानंतर. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने या लोकांबरोबर अनेक वर्षे काम केले. पडकई करून डोंगरउतारावर भातशेती उभी राहिली, जलाशयातली मासेमारी आदिवासींच्या सहकारी संस्थेकडे आली, आणि २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने दिला जाणारा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. आपल्या शेजारची ही गोष्ट आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे, कोण जाणे.

या पाण्यात मासे दोन प्रकारचे आहेत. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते सहसा वीण घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. तेव्हापासून देशभरच्या तळ्यांसाठी मत्स्यबीज तयार होऊ लागले. आधी जिरे, मग बोटुकली. जिरे तसेच पाण्यात सोडले तर मोठे मासे ते गट्ट करतात. म्हणून डिंभ्याच्या जलाशयात तरंगत्या पिंजऱ्यांत बीज वाढवून, बोटाएवढे झाल्यावर सोडण्याचा प्रयोग मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या साहाय्याने झाला. या माशांचा निदान अर्धा हिशेब कागदावर असतो. किती सोडले ते लिहिलेले असते, त्यासाठी कोणी पैसे मोजलेले असतात.

दुसरे मासे नदीचे स्वतःचे. मरळ, शिंगटा, वाम, महाशीर आणि ओढ्यातली बारीक मासळी. त्यांचे बीज कोणी विकत आणलेले नाही. ते संपले तर कोणत्याही वहीत तूट दिसणार नाही. जाळे मात्र एकच असते, आणि आस बारीक असला तर सोडलेला रोहूही वाढायच्या आत येतो आणि नदीचा मासाही. ज्याच्यासाठी कोणी दाम दिलेला नाही त्याला आपण ‘कोणाचाच नाही’ असे म्हणतो, आणि कोणाचाच नसलेला मासा धरताना हात आखडत नाही. आमच्या मते खरी गोम इथे आहे.

त्यात उन्हाळा फसवतो. फेब्रुवारी-मार्चपासून आवर्तने सुटतात, पाणी खाली जाते, काठाची गाळपेर जमीन उघडी पडते. पसरलेले मासे उरलेल्या खोल पाण्यात गोळा होतात. तेवढ्याच जाळ्यात आता जास्त मासे येतात आणि धरणात मासा वाढला असे वाटते. वाढलेले काहीच नसते, पळायची जागा कमी झालेली असते. हा भ्रम गरीब मासेमारालाच होतो असे समजू नये. कॅनडाच्या न्यूफाउंडलँड किनाऱ्यावर कॉड मासा चारशे-पाचशे वर्षे धरला जात होता. थवे शोधणारी यंत्रे असलेल्या मोठ्या बोटींना शेवटपर्यंत भरघोस मासा मिळत राहिला, कारण उरलेले मासे एकत्र येत होते. शास्त्रज्ञांचे अंदाजही काही अंशी त्या भरलेल्या जाळ्यांवर आधारलेले होते. २ जुलै १९९२ रोजी सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला. मर्यादित प्रमाणात ती पुन्हा सुरू व्हायला २०२४ साल उजाडले.

पावसाळ्यातली गोष्ट तर सर्वांच्या परिचयाची आहे. मृगाचा पहिला लोंढा आला की मासे ओढ्यांतून, खाचरांतून वर चढतात. चढणीचे मासे धरायला पोरेसोरे रात्री बत्ती घेऊन निघतात. त्यात मौज आहे, आणि पोटात गाभोळी असलेला मासा चवीला लागतो, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण तो वर चढतो तो अंडी घालायला. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. महाशीराची अंडी त्या मानाने फारच थोडी. जुन्या करारात, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर काय करावे, याचा एक छोटासा नियम आहे. पिल्ले घेतली तरी चालतील, पण आईला पिल्लांसह धरू नये, तिला जाऊ द्यावे. भुकेल्या वाटसरूला तिथे कोणी उपाशी ठेवलेले नाही. त्याला घेण्याची मुभा आहे, आणि त्या मुभेला एक कड आहे. पक्ष्यांची संख्या किती, याची चौकशी तो नियम करत नाही. मोजता येत नसतानाही पाळता येईल अशी ती मर्यादा आहे, म्हणून आम्हांला ती धरणाच्या काठावरही लागू वाटते.

अशी मर्यादा आपल्याकडे इतरांनीही पाळली आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथल्या महाशीर माशांना देवीचे मासे मानतात, त्यांना कोणी धरत नाही. आपली श्रद्धा वेगळी असली तरी त्या गावकऱ्यांचा संयम आदराने पाहण्यासारखा आहे. याउलट नुसत्या सदिच्छेने काय होते तेही महाशीरानेच दाखवले. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून आपल्या दख्खनी महाशीराची पैदास केली, आणि नामशेष होणारा मासा वाचावा म्हणून त्याची पिल्ले दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. ती कावेरीतही वाढली. तिथे त्या नदीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महाशीर होता. पाहुणा फोफावला आणि घरचा मागे पडला. २०१८ साली कावेरीच्या त्या महाशीराची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. हेतू चांगलाच होता. पण त्या पाण्यात आधी कोण राहते, हे विचारायचे राहून गेले.

आता अवघड भाग. कातकरी माणसाने बारीक आसाचे जाळे टाकले, तर त्याला ‘उद्यासाठी मासा राख’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला? ज्याने आपले खाचर पाण्याखाली जाताना पाहिले, त्याला कालव्याच्या पाण्यावर पिकलेले जेवण जेवून संयमाचा उपदेश करणे सोपे आहे, आणि आम्हांला ते शोभत नाही असे वाटते. संयम आधी त्याने दाखवावा ज्याच्यापुढे दुसरा मार्ग आहे. ठेक्याची मुदत संपण्याआधी तळे उपसून घेणाऱ्या व्यापाऱ्याला तो आहे. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला तो आहे. उपवासकाळातले शुक्रवार नेमके पाणी ओसरण्याच्या दिवसांत येतात. मांस वर्ज्य करून आपण मासळी आणतो, आणि ओंजळीत मावतील असे रोहू-कटला स्वस्त मिळाले म्हणून खूश होतो. ते मासे वर्षभर राहिले असते तर किलोच्या घरात गेले असते, आणि पैसा धरणाऱ्याच्या हाती पडला असता. तो त्यागाचा शुक्रवार कोणाच्या खिशातून पाळला गेला, हे आपण विचारत नाही.

समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तलावावरही विणीच्या दिवसांत जाळी काठावर ठेवावीत, असे सहकारी संस्थेतल्या माणसांनी आपसांत ठरवले तर बाहेरच्या दंडापेक्षा ते जास्त टिकेल. सामाईक पाणी, कुरण, जंगल लोक स्वतः नियम करून राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने देशोदेशीच्या उदाहरणांवरून दाखवले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. परंतु नियम पाळायला घरात दाणे लागतात. वरच्या वाड्यांत जूनमध्ये हाताशी पैसा असतो तो बहुधा उन्हाळ्यात गोळा केलेल्या, वाळवलेल्या हिरड्याचा. हिरड्याला मे महिन्यात भाव पडला, तर जूनच्या लोंढ्याबरोबर चढणाऱ्या माशाला कोण सोडून देईल? घोडेगावच्या बाजारात हिरडा काय भावाने जातो, हे आपल्यातल्या ज्यांचा त्या व्यवहाराशी संबंध आहे त्यांनी या वर्षी जरा लक्ष ठेवून पाहावे, आणि पुढच्या महिन्यात इतरांना सांगावे.