अक्षत आणि स्नेह

नार्व्याच्या जुन्या स्नेह्यांच्या घरी मुंज होती. निरोप तोंडी आला. अक्षत घेऊन कोणी आले नाही. मग जावे काय? हा विचार करीतच आम्ही दिवाडीस फेरीबोटीत चढलो. मांडवीच्या मध्यावर स्मरण झाले की, पोर्तुगीज अमलात दिवाडीचे देवालय मोडल्यावर श्रीसप्तकोटेश्वरही हेच पाणी ओलांडून नार्व्यास गेले. त्यांना कोणी अक्षत धाडली होती? तेथे आश्रय मिळाला, आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी देवालय पुन्हा बांधविले. देव ज्या वाटेने अनाहूत गेला, त्या वाटेवर भक्ताने मान मोजीत बसणे शोभत नाही. स्नेह्यांनी दारातच विचारले, “एवढा उशीर का केलात?” आम्हांस उत्तर सुचले नाही. मान राखणे वाईट नव्हे. परंतु स्नेहाचे दार आपणच लावून बोलावण्याची वाट पाहणे, हा मान नव्हे, अहंकार होय.