क्रुसावर ठोकलेले कर्जखत

भीमाशंकरच्या देवळाच्या आवारात एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर क्रूस आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्या मोहिमेत चर्चांमधल्या घंटा उतरवल्या गेल्या आणि देशावरच्या देवळांत येऊन पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराची आणि मेणवलीची घंटा याच कुळातली. घोडेगावकडून डिंभ्याचे पाणी मागे टाकून वर आलेले भाविक आता या घंटेबरोबर फोटो काढतात. कुणाला तिच्यात मराठ्यांचा पराक्रम दिसतो. ख्रिस्ती माणूस मात्र क्षणभर घुटमळतो. लुटीत आलेल्या क्रुसाकडे बघून खंत करावी, की गप्प बसावे?

खंत करण्यासारखे काही नाही, असे मला वाटते. वसईत क्रूस हरला असे म्हणायचे, तर त्याआधी दोनशे वर्षे तो तिथे जिंकत होता, हेही कबूल करावे लागेल. तटबंदी, तोफा, जकात आणि १५६० पासून गोव्यात बसलेले धर्मन्यायालय, या सगळ्यांवर त्याचीच छाया होती. तो क्रूस पोर्तुगालच्या राजाचे निशाण झाला होता, आणि निशाण झालेली वस्तू युद्धात जिंकते तशी हरतेही. चिमाजीअप्पांनी शरण आलेल्या शिबंदीला शस्त्रांसह, मानाने बाहेर पडू दिले. त्या तहात मला निशाणापेक्षा अधिक ख्रिस्तीपण दिसते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

क्रुसाचा विजय म्हणतात तो मग कुठला? नव्या करारातल्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात याचे फार धीट उत्तर आहे. पत्र पौलाचेच की त्याच्या शिष्याचे, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण लिहिणारा बेड्यांत आहे असे पत्रच सांगते. रोममध्ये सेनापती जिंकून आला की मिरवणूक निघे. पुढे लुटीचे गाडे, मागे साखळदंडातले राजे. गॉलचा व्हर्सिंगेटोरिक्स इ. स. पू. ४६ मध्ये असाच फिरवला गेला आणि मग मारला गेला. मिरवणूक विजेत्याची आणि क्रूस गुलामाचा, ही रोमची रीत. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ. स. पू. ७१ मध्ये सहा हजार गुलाम रस्त्याच्या कडेने क्रुसावर लटकवले होते. पत्राने हे चित्रच उलटे केले. क्रुसावर मेलेला माणूस मिरवणुकीच्या अग्रभागी आहे आणि साखळीत आहेत त्या त्याला मारणाऱ्या सत्ता. माणसे नव्हेत, सत्ता. या विजयात हरलेल्या माणसांची रांगच नाही.

त्याच्या आदल्याच वाक्यात एक दुसरे चित्र आहे आणि ते जुन्नर-आंबेगावच्या माणसाला अधिक जवळचे वाटावे. आपल्याविरुद्ध लिहून ठेवलेले कर्जखत देवाने क्रुसावर ठोकून रद्द केले, अशा अर्थाचे ते आहे. धर्मशास्त्राची पोथी बाजूला ठेवा. कर्जखत म्हणजे काय, हे या डोंगरात कुणाला शिकवायला नको.

अमेरिकेतल्या यादवीत इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडले. १८६५ नंतर भाव कोसळले, वर सरकारने सारा वाढवला. खत राहिले, पीक गेले. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. रोख बहुतेक कागदांवरच होता. खते हवाली केली की सावकाराच्या अंगाला फारसा हात लागत नसे. पश्चिमेच्या डोंगरात मात्र आंबेगावातल्या जांभोरीच्या होन्या केंगल्याने १८७३ पासून सावकारांची नाके कापली. १८७६ मध्ये तो पकडला गेला. माझे मन होन्याकडे ओढले जाते, हे लपवत नाही. पण नाक कापल्याने खत फाटत नाही. आणि खत जाळल्यावरही पुढच्या पेरणीला दार सावकाराचेच राहते.

तिसरी वाट याच मुलखाशी नाते सांगते. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात मंत्र दिला तो यांनी. तुकोबा स्वतः महाजनाच्या घरातले. दुष्काळानंतर भावाचा हिस्सा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. इथे कागद नष्ट करणारा ऋणको नाही, धनको आहे. तोटा त्याने स्वतः सोसला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक सांगत. मला तो पूल इथे दिसतो. क्रुसाच्या गोष्टीत धनको याहून एक पाऊल पुढे जातो. तो खत बुडवून घरी परतत नाही. ऋणकोच्या जागी स्वतः उभा राहून वसुली अंगावर घेतो. म्हणून क्रुसातून मिळणारी शांती तहाची नव्हे. तह झाला तरी दोन्हीकडच्या वह्या शाबूत असतात.

इथे एक पळवाट आहे आणि आम्ही ख्रिस्ती लोक ती नेहमी वापरतो. पापाचे ऋण फिटले म्हणून गायचे आणि शेजाऱ्याच्या खऱ्या कर्जाकडे बघायचे नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातली प्रभूची प्रार्थना तर आपले ऋण सोडण्याची मागणी आपण इतरांचे ऋण सोडण्याशी बांधूनच टाकते. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा न्यायालयाला खताच्या मागचा व्यवहार तपासायला सांगत होता. त्या कायद्यात कृपा नव्हती, पण कागदावरचा आकडा हा शेवटचा शब्द नव्हे, एवढे तरी मानलेले होते. चर्चच्या जमिनींवरून वर्षानुवर्षे कोर्टात भांडणाऱ्या आमच्या मंडळ्यांना तेवढेही जमलेले नाही.

सुरुवातीच्या निशाणाकडे परत येतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. तिथे क्रूस धारण करण्याचा विषय निघाला तेव्हा त्यावरच्या लॅटिन अक्षरांना त्यांनी हरकत घेतली. त्यांना संस्कृत शब्द हवे होते. क्रूस त्यांनी घेतला, निशाण घेतले नाही. तरी मनाला शांती लगेच मिळाली नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. पुढे १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली गोळा केल्या आणि पुणे जिल्ह्यातल्याच केडगावच्या माळरानावर आणल्या. तोवर पुण्यातल्या सनातन्यांची त्यांच्यावर टीका होती आणि काही चर्चवाल्यांनाही त्या हट्टी वाटत होत्या. त्यांनी आधी विहिरी खणायला घेतल्या.